जखमीला दवाखान्यात पोचवलं, तो वाचला नाही. आता माझ्यावर केस होईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरवळजवळ हायवेवर संध्याकाळी एका पिकअपनं मोटारसायकलला मागून ठोकरलं आणि पिकअप पळाली. विचारणारा तरुण मागून येत होता. त्यानं आणि ढाब्यावरच्या एका पोरानं मिळून जखमीचं हेल्मेट काढलं, त्याला टेम्पोत घातलं आणि जवळच्या खासगी दवाखान्यात पोचवलं. तिथं त्याच्याकडेच डिपॉझिट मागितलं, रजिस्टरला त्याचं नाव आणि मोबाइल नंबर लिहून घेतला, दोन तास बसवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी जखमी गेला. त्यानंतर पोलीस ठाण्यातून तीनदा बोलावणं आलं, एका कागदावर सही घेतली. आणि आता मृताचा चुलतभाऊ म्हणतो आहे, 'तुम्ही हेल्मेट ओढलंत म्हणून त्याची मान गेली, आम्ही तुमच्यावर केस करणार.' तरुणाला तीन गोष्टी हव्या आहेत: केस होऊ शकते का, पोलीस आणखी किती वेळा बोलावणार, आणि जर्मनीतली त्याची बहीण म्हणते तसं मदत न करणं हाच आपल्याकडे गुन्हा आहे का. पत्राच्या शेवटी त्यानं जाता जाता लिहिलं आहे की पिकअपच्या नंबरमधले चार आकडे त्याच्या लक्षात आहेत. त्या ओळीकडे मी शेवटी येईन.

मी साताऱ्यात मोटार अपघात दाव्यांचं काम करतो, सव्वीस वर्षं झाली. मृताच्या घरच्यांच्या बाजूनंही उभा राहिलो आहे आणि विमा कंपनीच्या बाजूनंही. जखमीला उचलणाऱ्या माणसाची बाजू मात्र कोर्टात कुणाचीच नसते, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितो.

आधी जे ऐकण्यासाठी तुम्ही जागे असाल ते. हेल्मेट काढल्याबद्दल तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी, कुठलीही जबाबदारी येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनं कलम १३४-अ घातलं गेलं. ते सांगतं की मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला तातडीची मदत करताना मदत करणाऱ्याच्या हातून काही हयगय झाली, आणि त्यामुळे जखमीला इजा झाली किंवा तो दगावला, तरी त्या माणसावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई चालणार नाही. मदत वैद्यकीय असो वा बिनवैद्यकीय; रक्त थांबवणं असो, गाडीखालून ओढून काढणं असो किंवा नुसतं टेम्पोत घालून दवाखान्यात नेणं असो. अटी तीनच: मदत सद्भावपूर्वक असावी, आपणहून केलेली असावी, आणि कसल्याही मोबदल्याची अपेक्षा न ठेवता केलेली असावी.

'हयगय झाली तरी' हे शब्द पुन्हा वाचा. कायद्यानं नुसतं 'बरोबर मदत करणाऱ्याला' अभय दिलेलं नाही. चुकलेल्या मदतीलाही दिलं आहे, कारण रस्त्यावर गुडघे टेकून बसलेल्या माणसाकडून शल्यविशारदाची अचूकता मागता येत नाही, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखलं.

इथं एक बारकावा आहे. तो वकीलमंडळींच्याही नजरेतून सुटतो, आणि तुमच्या बाजूनं सगळ्यात भक्कम मुद्दा तोच आहे. 'सद्भाव' म्हणजे काय, याची आपल्या कायद्यांत एक नव्हे, दोन मापं आहेत. भारतीय न्याय संहितेत, म्हणजे पूर्वीच्या दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या कायद्यात, योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली कृती सद्भावपूर्वक मानत नाहीत. तिथं मन साफ असणं पुरत नाही, हातही सावध असावा लागतो. पण १८९७च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात (जनरल क्लॉजेस अॅक्ट, म्हणजे इतर कायद्यांतल्या शब्दांचे अर्थ सांगणारा कायदा) सद्भावाचा अर्थ वेगळा आहे: कृती प्रामाणिकपणे केलेली असली की पुरे, मग ती हयगयीनं झालेली असो वा नसो. मोटार वाहन कायद्यात सद्भावाची स्वतःची व्याख्या नाही, त्यामुळे तिथं हे १८९७चं माप लागतं. म्हणजे रस्त्यावरच्या अपघातात तुमचा प्रामाणिकपणा पाहिला जाईल, हेल्मेट काढायची तुमची पद्धत नव्हे.

चुलतभाऊ तक्रार अर्ज देऊ शकतात. अर्ज कुणीही कुणाविरुद्ध देऊ शकतो, आणि अर्ज आला की पोलीस फोन करतात. त्यानं घाबरून जाऊ नका. ते मागतील ते कलम बहुधा न्याय संहितेचं १०६ असेल, हयगयीनं मृत्यूला कारण होण्याचं, जुनं ३०४-अ. तिथं १३४-अ आडवं उभं आहे. आणि कायद्याच्या आधी साधा कार्यकारणाचा प्रश्न येतो. मागून पिकअपची धडक बसून माणूस डांबरावर आपटला आहे. मानेची इजा त्या आपटण्यानं झाली नाही, हेल्मेट काढताना झाली, हे शवविच्छेदनाच्या कागदावरून दाखवणं जवळपास अशक्य आहे.

तरीही पुढच्या वेळेसाठी सांगतो. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेटला हात लावायचा नाही. तोंडात रक्त किंवा उलटी साचली असेल, श्वास अडला असेल, तरच काढायचं. आणि तेही दोघांनी मिळून, एकानं मान आणि डोकं स्थिर धरून, दुसऱ्यानं हळूहळू सरकवत. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. आपल्याकडे पहिली धाव पाण्याच्या बाटलीकडे असते, आणि ते पाणी श्वासनलिकेत जातं.

आता तुमच्या त्रासाच्या मुळाकडे येतो. अपघाताच्या जागी उभा असलेला माणूस पोलिसांच्या कागदावर चौघांपैकी कुणीतरी होतो: मदत करणारा, पाहणारा, पंच किंवा फिर्यादी. 'मदत केली की कोर्टाचे खेटे' ही जी म्हण झाली आहे, ती या चार भूमिकांच्या सरमिसळीतून आलेली आहे. मदत करणाऱ्याला कोर्टात जावं लागत नाही. खेटे घालावे लागतात ते पंचाला, फिर्यादीला आणि साक्षीदाराला. मदत करायला गेलेला माणूस गडबडीत, कागद न वाचता, या तिघांपैकी एक होऊन बसतो, आणि पुढची काही वर्षं त्याला वाटत राहतं की हे आपल्याला मदतीबद्दल भोगावं लागतंय.

२००८ सालची एक केस माझ्या मनातून जात नाही. कोरेगावकडचा एक भाजीचा टेम्पोवाला होता. रात्री त्यानं एका जखमी जोडप्याला टेम्पोत घालून दवाखान्यात आणलं. मेथीच्या जुड्या खाली टाकून जागा केली होती त्यानं. दवाखान्यातच त्याची घटनास्थळाच्या पंचनाम्यावर सही घेतली गेली. पंचनामा प्रत्यक्षात झाला दुसऱ्या दिवशी सकाळी, तेव्हा हा माणूस मंडईत होता. पुढे कोर्टात तारखांमागून तारखा पडल्या. आरोपी गैरहजर, कधी वकील गैरहजर, कधी साहेब रजेवर. हा दर वेळी धंदा बुडवून यायचा. शेवटी साक्ष झाली तेव्हा आरोपीच्या वकिलानं त्याला विचारलं, रस्ता किती फुटी, टायरच्या खुणा किती लांबीच्या, साइडपट्टी कुठल्या बाजूला. त्याला काय माहीत? त्यानं ती जागा मोजताना पाहिलीच नव्हती. भर कोर्टात तो खोटा ठरला. मी त्या जोडप्याच्या बाजूनं होतो आणि माझाही दावा त्यानं हलला, पण मला जास्त लागलं ते बाहेर आल्यावर तो बोलला ते: 'वकीलसाहेब, मी त्यांना आणलं एवढंच खरं होतं. तेवढंच लिहून घेतलं असतं तर चाललं नसतं का?'

चाललं असतं. आज तर चाललंच पाहिजे. म्हणून तुम्ही सही केलेला तो कागद कोणता होता, हे आधी शोधा. पोलिसांसमोर दिलेल्या जबाबावर, म्हणजे तपासातल्या साक्षीदाराच्या जबाबावर, सही घ्यायचीच नसते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८१ मध्ये ते स्पष्ट आहे, आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही तसंच होतं. म्हणजे तुमची सही जबाबावर घेतली नसेल, तर ती बहुधा पंचनाम्यावर किंवा फिर्यादीवर आहे. फिर्यादीवर असेल तर त्यात वाईट काही नाही, फिर्यादीची प्रत तुम्हाला मोफत मिळते, ती मागून घ्या आणि वाचा. पंचनाम्यावर असेल, आणि तो पंचनामा तुमच्या डोळ्यांदेखत झाला नसेल, तर आजच पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा की मी घटनास्थळाच्या पाहणीला हजर नव्हतो, मी फक्त जखमीला दवाखान्यात नेलं. हे आज लिहिलेलं पत्र चार वर्षांनी उलटतपासणीत तुमची अब्रू राखेल. आणि यापुढे कुणी कागद पुढे केला तर 'मी मदत करणारा आहे, पंच दुसरे घ्या' एवढं शांतपणे म्हणा. बहुतेक हवालदार ऐकतात. त्यांनाही ठाणे अंमलदाराला दोन नावं द्यायची असतात आणि समोर तुम्हीच सापडलेले असता, एवढीच ती गोष्ट असते.

मग पोलीस किती वेळा बोलावू शकतात? केंद्रीय मोटार वाहन नियमांत सप्टेंबर २०२० मध्ये नियम १६८ आणि १६९ घातले गेले. तुम्ही मदत करणारे म्हणून आलात तर नाव, पत्ता, ओळख सांगायची सक्ती पोलीस किंवा इतर कुणीही करू शकत नाही. स्वतःहून सांगायचं असेल तर सांगा. साक्षीदार व्हायचं की नाही, हेही तुमच्या मर्जीवर आहे. आणि तुम्ही आपणहून साक्षीदार व्हायला तयार झालात, तर तुमची विचारपूस तुमच्या सोयीच्या जागी आणि वेळी, घरी किंवा दुकानावर करायची. येणाऱ्या पोलिसानं साध्या वेशात यायचं, वर्दीत नाही. वर्दीतला हवालदार दारात उभा राहिला की गल्लीत काय बोललं जातं, याचा विचार या एका ओळीत आहे. विचारपूस एकाच वेळी पुरी करायची. ठाण्यातच बोलवायचं असेल तर का, ते लेखी नोंदवायचं. तुम्हाला मराठी येत नसेल तर दुभाषा देण्याची जबाबदारी तपास अधिकाऱ्याची. पुढे कोर्टातही शपथपत्रावर, कमिशनवर (म्हणजे कोर्टानं नेमलेल्या माणसासमोर) किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सनं साक्ष घेता येते. सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलेल्या मार्गदर्शक सूचनांत ते आहे.

म्हणजे तुम्हाला तीनदा ठाण्यात बोलावलं ते नियमाला धरून नव्हतं. चौथ्यांदा फोन आला तर म्हणा, 'मी जबाब द्यायला तयार आहे. नियम १६९ प्रमाणे माझ्या घरी या, वेळ मी देतो.' आवाज चढवू नका. तरी दमदाटी झाली तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करा. ही कार्यपद्धती जिल्ह्यात पाळली जाते की नाही, याला ते जबाबदार धरले गेले आहेत. एक सावधगिरी मात्र ठेवा. कोर्टाचं समन्स आलं तर ते पोलिसांच्या फोनसारखं बाजूला ठेवू नका. समन्स हा न्यायालयाचा हुकूम असतो. हजर राहा, आणि तिथंच शपथपत्राची किंवा व्हिडिओवर साक्ष देण्याची विनंती करा.

हे सगळं कुठून आलं, ते थोडं सांगतो, कारण त्यात दवाखान्याच्या वागणुकीचंही उत्तर आहे. १९८८ मध्ये पंडित परमानंद कटारा यांनी वर्तमानपत्रातल्या एका बातमीवरून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. एका स्कूटरवाल्याला गाडीनं उडवलं होतं. त्याला जवळच्या दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणाले, ही पोलीस केस आहे, वीस किलोमीटरवरच्या अधिकृत दवाखान्यात न्या. तो वाटेत गेला. न्यायालयानं १९८९ मध्ये सांगितलं की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणं हे त्याचं पहिलं काम. पोलिसी सोपस्कार मागून. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्येही हे आहे: कसल्याही सोपस्काराची वाट न पाहता डॉक्टरनं उपचार सुरू करायचे. पण उपचार करायला लावणं एक आणि आणणाऱ्याला सोडणं वेगळं. त्यासाठी रस्ता सुरक्षेसाठी काम करणारी 'सेव्हलाइफ फाउंडेशन' ही संस्था २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं मे २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना आणि जानेवारी २०१६ मध्ये पोलिसांसाठी कार्यपद्धती काढली, आणि ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयानं त्या देशभर बंधनकारक केल्या. २०१९च्या दुरुस्तीनं त्यातला गाभा थेट कायद्यात आला.

या सूचनांत दवाखान्याबद्दल स्पष्ट लिहिलं आहे. जखमीला आणणाऱ्याकडून दाखल करून घेण्याचे किंवा नोंदणीचे पैसे मागायचे नाहीत, अपवाद फक्त नातेवाइकाचा. त्याला अडवून ठेवायचं नाही. त्यानं मागितली तर जखमीला आणल्याची पोच द्यायची, जागा आणि वेळ घालून. आणि २०२०च्या नियमाप्रमाणे मदत करणाऱ्याच्या हक्कांची सनद दवाखान्याच्या दारात किंवा ठळक जागी हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, लावलेली हवी. पुढच्या वेळी कुठल्याही दवाखान्यात गेलात तर ती सनद शोधा. दिसली नाही तर रिसेप्शनवर विचारा. मी हे प्रत्येक दवाखान्यात करतो. पहिल्यांदा चेहरे गोंधळतात, पण काही ठिकाणी महिन्याभरात सनद लागलेली पाहिली आहे. तुम्हाला दोन तास बसवून ठेवणाऱ्या दवाखान्याविरुद्ध जिल्हा शल्यचिकित्सकांकडे अर्ज देता येतो. डॉक्टरनं उपचारच नाकारले असते तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडेही जाता आलं असतं, कारण तो व्यावसायिक गैरवर्तनाचा विषय होतो.

पैशांच्या बाबतीत आता दवाखान्याकडेही सबब उरलेली नाही. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी रोकडरहित उपचारांची केंद्राची योजना लागू आहे: अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत. योजनेतला दवाखाना नसेल तर निदान प्रकृती स्थिर करण्यापर्यंतचे उपचार त्यात येतात. हे वाक्य तोंडपाठ ठेवा आणि काउंटरवर म्हणून दाखवा. त्या वेळी ते कुठल्याही कलमापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

बहिणीचा मुद्दा बरोबर आहे, पण तो त्यांच्या देशापुरता. जर्मनीच्या दंड संहितेत कलम ३२३-क आहे. शक्य असून आणि स्वतःला मोठा धोका नसताना मदत न करणाऱ्याला तिथं एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. फ्रान्समध्ये शिक्षा याहून कडक आहे. आपल्याकडे रस्त्यावरच्या तिऱ्हाइतावर असं बंधन नाही. बंधन आहे ते ज्याची गाडी अपघातात होती त्या चालकावर. कलम १३४ नुसार जखमीला उपचार मिळवून देणं हे त्याचं कर्तव्य आहे. आणि बंधन आहे डॉक्टरवर. ही सरमिसळ मी फार वेळा पाहतो: धडक देणारा चालक जखमीला दवाखान्यात सोडतो आणि म्हणतो, मी गुड सॅमॅरिटन (कायद्यात मदत करणाऱ्याला हाच शब्द आहे) आहे. नाही. दवाखान्यात नेलं हे त्याच्या बाजूनं निश्चित धरलं जाईल, पण धडकेची जबाबदारी त्यानं धुतली जात नाही. (मराठी बायबलमध्ये हा मदत करणारा 'शोमरोनी' आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटून अर्धमेला टाकलेल्या माणसाला त्यानं उचललं, स्वतःच्या जनावरावर घातलं, आणि उतारशाळेच्या मालकाला आपल्या पदरचे पैसे दिले. आपला कायदा निदान ते पैसे तरी मागू देत नाही.)

आता कायद्यात जे भोक आहे त्याबद्दल. माझ्या मते ते मोठं आहे. कलम १३४-अ फक्त मोटार वाहनाच्या अपघाताला लागतं. मुंबईत लोकलमधून पडलेला माणूस, गणपतीपुळ्याच्या समुद्रातून ओढून काढलेला मुलगा, लग्नाच्या मांडवात छातीत कळ येऊन कोसळलेले काका, शेतात साप चावलेली बाई, विहिरीत उतरून गुदमरलेला मजूर: यांतल्या कुणालाही मदत करणाऱ्याला हे कलम मिळत नाही. कर्नाटकानं स्वतःचा वेगळा कायदा करून आणीबाणीतल्या मदतीला व्यापक संरक्षण दिलं. महाराष्ट्रानं ते करावं असं मला मनापासून वाटतं, आणि आमच्या बार असोसिएशनमध्ये मी ते पुनःपुन्हा मांडतो.

म्हणून तुम्ही लोकलच्या फलाटावर हात आखडता घ्यावा असं मात्र अजिबात नाही. तिथं आधाराला न्याय संहितेचं कलम ३० आहे, जुनं ९२. १८६० पासून चालत आलेलं हे कलम म्हणतं की बेशुद्ध किंवा संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी, सद्भावपूर्वक, त्याच्या संमतीवाचून केलेली कृती गुन्हा नाही, भले तीतून त्याला इजा होवो. त्यातली उदाहरणं वाचण्यासारखी आहेत. घोड्यावरून पडून बेशुद्ध झालेल्या माणसाची कवटी उघडणारा शल्यविशारद. वाघ माणसाला ओढून नेतो आहे, दुसरा गोळी झाडतो, गोळी माणसाला लागते. आग लागलेल्या घराच्या छतावरून, खाली चादर ताणून उभ्या असलेल्या लोकांकडे मूल टाकणारा माणूस. तिघांचाही गुन्हा नाही.

पण इथं सद्भावाचं माप ते दुसरं, काळजी मागणारं. सामान्य माणसाकडून सामान्य माणसाइतकी काळजी, डॉक्टरकडून डॉक्टरइतकी. कोसळलेल्या माणसाचा श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० या वेगानं, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहणं, कुणीतरी १०८ ला फोन लावत असताना: ही काळजीच आहे. बरगडी मोडली तर मोडू दे; थांबलेल्या हृदयापुढे बरगडी काहीच नाही, आणि कुठलंही न्यायालय हे जाणतं. त्याच माणसाच्या मुठीत चपला कोंबणं किंवा कांदा हुंगवत बसणं ही काळजी नव्हे. शुद्धीत असलेल्या माणसाला मात्र आधी विचारा, 'मदत करू का?' तो नको म्हणाला तर जबरदस्ती करू नका, फोन करा आणि जवळ थांबा.

हे वाचणाऱ्यांत डॉक्टर असतील तर एवढंच. कर्तव्यावर नसताना वाटेत थांबून, फी न घेता मदत केलीत, तर १३४-अ तुम्हालाही लागतं. कायद्यात 'व्यक्ती' असा शब्द आहे, 'सामान्य नागरिक' असा नाही. फुकट सेवेला ग्राहक कायदा लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगितलं आहे. आणि जेकब मॅथ्यू प्रकरणात, २००५ मध्ये, डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी ढळढळीत हयगय दिसायला हवी असं ठरलं.

बक्षिसाबद्दलही लोक बिचकतात. गंभीर जखमीला पहिल्या तासात, ज्याला कायद्यानंही 'गोल्डन अवर' म्हटलं आहे, दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्र सरकार २०२१ पासून ५,००० रुपये देत होतं. २०२५ मध्ये 'राहवीर' या नावानं ते २५,००० झालं. ते घेतलं तर 'मोबदल्याची अपेक्षा न ठेवता' ही अट मोडते का? मोडत नाही. अट मदतीच्या क्षणाची आहे. नंतर शासनानं केलेला सन्मान हा मोबदला नव्हे. तुमच्या प्रसंगातला जखमी उपचार सुरू असताना गेला, तरीही तुमचं नाव जिल्हा समितीकडे जाऊ शकतं. त्यासाठी आपलं नाव स्वतःहून द्यावं लागेल, हे लक्षात घेऊन ठरवा. महाराष्ट्राच्या महामार्ग पोलिसांनी २०२१ पासून 'मृत्युंजय दूत' म्हणून हायवेकाठच्या गावांतली आणि ढाब्यांवरची माणसं तयार केली आहेत. तुमच्याबरोबरच्या त्या ढाब्यावरच्या पोराला हे जरूर सांगा.

सगळ्यात मोठी भीती मला अजूनही एकच खरी वाटते, आणि ती जमावाची आहे. रक्तानं माखलेला माणूस जखमीजवळ वाकलेला दिसला की मागून आलेल्यांना तोच गुन्हेगार वाटतो. म्हणून आपली गाडी अपघाताच्या जागेपासून थोडी पुढे, इंडिकेटर लावून उभी करा. स्वतःच्या फोनवरून लगेच ११२ किंवा १०८ लावा. नाव सांगायची सक्ती नाही, पण त्या कॉलची वेळ नोंदली जाते आणि पुढे कुणी 'हीच ती गाडी' म्हटलं तर तो कॉल तुमच्या बाजूनं बोलतो. जखमीला हलवण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी दोन फोटो काढायला सांगा. विमा कंपनीच्या बाजूनं काम करताना मी खोटी गाडी घुसवलेली प्रकरणं पाहिली आहेत. असे फोटो असले की ती उभीच राहत नाहीत.

आता ते चार आकडे. तुम्ही नुसते मदत करणारे नाही, तुम्ही धडक पाहिलेली आहे. साक्ष द्यायची की नाही, हे कायद्यानं तुमच्यावर सोडलं आहे आणि मीही सोडतो. पण दुसऱ्या बाजूला काय आहे ते ठाऊक असू द्या. पिकअप सापडली नाही तर हा 'हिट अँड रन' राहील आणि मृताच्या घरच्यांना २०२२च्या योजनेतून ठरावीक दोन लाख रुपये मिळतील, त्यापलीकडे काही नाही. पिकअप सापडली, तिचा विमा निघाला, तर मोटार अपघात दाव्यांचं न्यायाधिकरण मृताचं वय, कमाई आणि मागं राहिलेली माणसं पाहून भरपाई ठरवतं. कमावता तरुण असेल तर ती रक्कम दोन लाखांच्या कित्येक पट होते. चार आकडे, गाडीचा रंग, मागच्या फळीवर काय लिहिलं होतं, एवढ्यावरून आरटीओच्या नोंदी आणि टोलनाक्याचे कॅमेरे चाळून गाड्या सापडलेल्या मी पाहिल्या आहेत. पण टोलनाक्याचं चित्रण फार दिवस ठेवत नाहीत.

तेव्हा आज रात्री बसून जे आठवतं ते तारीख-वेळेसह वहीत लिहून काढा. उद्या तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा की मला वाहनाच्या नंबरचे चार आकडे आठवतात, जबाब द्यायला मी तयार आहे, कृपया नियम १६९ प्रमाणे माझ्या घरी यावं. पत्राची पोच घ्या. आणि त्या चुलतभावाचा फोन आला तर वाद घालू नका. त्यांच्या घरात माणूस गेला आहे आणि राग कुणावर तरी काढावा लागतो, त्या रागाला तुम्ही सापडलात. त्यांना सांगा की पिकअप मी पाहिली आहे, नंबर अर्धा आठवतो, आणि पोलिसांना तसं लिहून दिलं आहे.